वाइनमध्ये क्रॅश झाला तर आधी शेजारची प्रोसेस बघा

माझ्या मावसभावाची छोटी प्रिंटिंग प्रेस आहे, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, हळदीकुंकवाची कार्डं असली कामं. त्याच्याकडे एक जुनं ३२ बिटचं डिझाइनचं सॉफ्टवेअर आहे, बनवणारे कधीच दुकान बंद करून गेलेत, आणि जुना एक्सपीचा डबा बसल्यावर मी मोठ्या उत्साहाने त्याला लिनक्स मिंट टाकून दिलं आणि ते सॉफ्टवेअर वाइनवर, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवून दाखवलं. उघडलं, फॉन्ट दिसले, दादा खूश. तिसऱ्या दिवशी फोन, "अरे प्रिंट दाबलं की गायबच होतंय, उद्या पत्रिका द्यायच्यात."

दोन रात्री मी चुकीच्या प्रोसेसमध्ये खोदत बसलो. क्रॅश मुख्य प्रोग्रॅममध्ये होत होता म्हणून मी मुख्य प्रोग्रॅमच चिरत होतो, आणि लोचा होता त्याच्या हेल्परमध्ये, म्हणजे त्याने मदतीला सुरू केलेल्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये, जो क्रॅशच्या आधीच गुपचूप मेलेला होता. दोन प्रोसेस एकमेकींशी बोलतात तिथे हे असंच होतं, मरते एक आणि कारण दुसरीकडे असतं. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय, कोणाच्या तरी दोन रात्री वाचतील. कमांड आणि व्हेरिएबलची नावं मी देवनागरीतच लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरं टाकायची, आणि वाइनडीबग, वाइनप्रीफिक्स ही दोन नावं पूर्ण कॅपिटलमध्ये.

आधी थोडं आतलं, कारण हे माहीत नसेल तर लॉगमधलं काही कळत नाही. वाइन १९९३ पासून चालू आहे आणि ते एम्युलेटर नाही हे त्याच्या नावातच आहे. तुमची प्रत्येक एक्सई ही लिनक्सची एक साधी प्रोसेस म्हणूनच चालते, सीपीयूची नक्कल वगैरे काही नाही. पण विंडोजमध्ये कर्नल जे सांभाळतो, म्हणजे हँडल (उघडलेल्या गोष्टीचा नंबर), इव्हेंट, म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप), नेम्ड पाइप (दोन प्रोग्रॅमना बोलायला नाव दिलेली नळी), शेअर्ड मेमरीची नावं, एका प्रोसेसच्या विंडोने दुसरीच्या विंडोला पाठवलेला मेसेज, हे सांभाळायला लिनक्समध्ये कोणी नाही. ते काम करतो वाइनसर्व्हर नावाचा वेगळा प्रोग्रॅम. एका प्रीफिक्सला, म्हणजे वाइन ज्या फोल्डरात आपलं सी ड्राइव्ह आणि रजिस्ट्री ठेवतं त्याला, एकच वाइनसर्व्हर, आणि त्या प्रीफिक्समधल्या सगळ्या एक्सई त्याच्याशी युनिक्स सॉकेटवरून बोलतात. सॉकेट असतं टीएमपी फोल्डरमध्ये, डॉट वाइन डॅश आणि तुमचा युजर नंबर अशा नावाच्या लपलेल्या डिरेक्टरीत, आणि आतल्या फोल्डरच्या नावात प्रीफिक्सच्या डिरेक्टरीचा डिव्हाइस आणि आयनोड नंबर असतो. म्हणजे दोन एक्सईंना एकमेकींशी बोलायचं असेल तर मध्ये हा चावडीवरचा कारकून असतोच. त्याच्या वहीत सगळ्या नोंदी असतात आणि ती वही आपल्याला वाचता येते, हाच आपला फायदा.

आता सगळ्यात पहिलं काम म्हणजे जागा झाडून घेणं. कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे हे टाळतात. वाइनसर्व्हर डॅश के दिलं की त्या प्रीफिक्समधलं सगळं मरतं. मग पीएस (चालू प्रोसेसची यादी देणारी कमांड) लावून खरंच सगळं गेलंय का बघा, कारण जुना सर्व्हर कुठेतरी जिवंत असेल आणि तुम्ही मधल्या काळात वाइन अपडेट केलं असेल तर नवी एक्सई आणि जुना सर्व्हर यांची भाषाच जुळत नाही. तसं झालं तर वाइन सरळ सांगतं, व्हर्जन मिसमॅच, तुमचा वाइनसर्व्हर नीट अपग्रेड झालेला नाही किंवा पाथमध्ये कुठेतरी जुना पडलाय. हा निरोप दिसला तर पुढचं काहीच करायची गरज नाही, जुना मारा, विषय संपला.

याहून छुपा प्रकार म्हणजे एकाच प्रीफिक्सवर दोन सर्व्हर. फ्लॅटपॅकमधल्या, म्हणजे बंदिस्त पॅकेजमधून टाकलेल्या, वाइनला स्वतःचं वेगळं टीएमपी दिसतं, सिस्टिमवरच्या वाइनला वेगळं, त्यामुळे दोघांनाही वाटतं की आपणच एकटे. एक एक्सई याच्याकडे, दुसरी त्याच्याकडे, पाइपचं नाव एकाच्या वहीत आहे आणि दुसऱ्याच्या नाही, आणि वर दोघं मिळून रजिस्ट्रीच्या फाइलवर एकमेकांचं लिखाण पुसतात. एका प्रीफिक्सला एकच वाइन वापरा बास.

आणि जमलं तर नवीन कोऱ्या प्रीफिक्समध्ये करून बघा, वाइनप्रीफिक्स व्हेरिएबलमध्ये नवीन फोल्डरचा पूर्ण पाथ द्यायचा. जुन्या प्रीफिक्समध्ये गेल्या चार वर्षांत विनट्रिक्सने (वाइनमध्ये विंडोजच्या डीएलएल वगैरे टाकणारी स्क्रिप्ट) काय काय ओतलंय हे तुम्हालाही आठवत नसतं. तिथे क्रॅश नाही झाला तर अर्धं उत्तर हातात आलं.

मग क्रॅश वाचा. डायलॉग बॉक्स येतो, त्यात शो डिटेल्स असतं, पण मला तो डायलॉगच नको असतो. रजिस्ट्रीत करंट युजरखाली सॉफ्टवेअर, वाइन, वाइनडीबीजी या कीमध्ये शोक्रॅशडायलॉग नावाची डीवर्ड व्हॅल्यू शून्य करा, मग बॅकट्रेस (क्रॅशच्या क्षणी कुठलं फंक्शन कोणी बोलावलं होतं त्याची यादी) सरळ टर्मिनलवर पडतो. प्रोग्रॅम टर्मिनलमधूनच चालवायचा हे सांगायला नको, पण सांगतो, कारण मी स्वतः पहिल्या दिवशी डेस्कटॉपच्या आयकॉनवरूनच चालवत होतो आणि एरर कुठे दिसतच नाही म्हणून डोकं खाजवत होतो.

आधी एक्सेप्शनचा कोड बघायचा. सी००००००५ म्हणजे नको त्या मेमरीला हात लावला. पत्ता शून्य किंवा शून्याच्या आसपासचा असेल तर कुठल्यातरी फंक्शनने नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, दिला आणि प्रोग्रॅमने न तपासता वापरला. पत्ता अगदीच वेडावाकडा असेल तर कचरा भरलेला बफर कोणीतरी पॉइंटर म्हणून किंवा लांबी म्हणून वापरला, आणि पाइपच्या भानगडीत बहुतेक वेळा हेच असतं. ८००००१०० म्हणजे वाइनमध्ये ते फंक्शन लिहिलेलंच नाही, तिथे निरोपात फंक्शनचं नावही येतं, त्यात डिबग करण्यासारखं काही उरत नाही. ई०६डी७३६३ म्हणजे सीप्लसप्लसचं एक्सेप्शन, कोणी फेकलं आणि कोणी झेललं नाही. ४०६डी१३८८ दिसलं तर सोडून द्या, थ्रेडला नाव ठेवण्याची ती जुनी युक्ती आहे, निरुपद्रवी. आणि ८००७०६बीए किंवा नुसतं ६बीए दिसलं, दशमानात १७२२, तर आरपीसीचा (दुसऱ्या प्रोसेसमधलं फंक्शन बोलावण्याची सोय) सर्व्हरच भेटला नाही, म्हणजे तुम्ही नक्की आयपीसीच्याच, म्हणजे प्रोसेसनी एकमेकींशी बोलण्याच्याच, गल्लीत आहात.

बॅकट्रेसमध्ये सगळ्यात वरची ओळ एनटीडीएलएल या वाइनच्या डीएलएलमध्ये किंवा मेमरी कॉपी करणाऱ्या मेमकॉपीमध्ये दिसली की लोक लगेच ओरडतात वाइनमध्ये बग आहे. अहो तसं नसतं. मेमकॉपीला कोणीतरी चुकीची लांबी दिली म्हणून ती पडली, तिचा काय दोष. चार ओळी खाली उतरा, प्रोग्रॅमची स्वतःची फ्रेम कुठे येते ते बघा. वाइनचं डिबग सिंबलचं पॅकेज टाकून घ्या, नाहीतर फंक्शनच्या नावांऐवजी नुसते आकडे दिसतात.

आता मुद्द्याचं. क्रॅश झालेल्या प्रोसेसला बाजूला ठेवा आणि विचारा की ही कोणाशी बोलत होती. प्रोग्रॅम चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये, प्रीफिक्स तोच ठेवून, वाइनडीबीजी (वाइनचा डिबगर) उघडा आणि इन्फो प्रॉक द्या. त्या प्रीफिक्समधल्या सगळ्या विंडोज प्रोसेस झाडासारख्या दिसतात, कोण कोणाचं पोर आहे ते कळतं. सर्व्हिसेस, एक्सप्लोरर, आरपीसीएसएस ही नेहमीची मंडळी सोडली की उरलेल्यात तुमची एक्सई आणि तिचे हेल्पर. क्रॅशच्या आधी एकदा बघा, क्रॅशच्या क्षणी एकदा बघा, कोण गळालं ते बघा. मी हे पहिल्याच तासात केलं असतं तर दादाच्या पत्रिका वेळेत गेल्या असत्या.

इथे एक गोंधळ होतो तो आधीच मिटवून टाकू. वाइनचे प्रोसेस नंबर आणि लिनक्सचे प्रोसेस नंबर वेगळे. वाइनच्या लॉगमध्ये ओळीच्या सुरुवातीला ००२४ असा चार अंकी हेक्स आकडा असतो तो थ्रेडचा नंबर, प्रोसेसचाही नाही. पीएसमध्ये दिसणारा आकडा लिनक्सचा. जीडीबी आणि एसट्रेस या लिनक्सच्या डिबगिंगच्या साधनांना लिनक्सचा लागतो, वाइनडीबीजीच्या अटॅचला वाइनचा, आणि तोही शून्य एक्स लावून. हे उलटसुलट झालं की तुम्ही भलत्याच प्रोसेसला जोडून तासभर बसता.

बोलणं कुठल्या वाटेने चाललंय हे कळायला एक स्वस्त उपाय, एक्सई फाइलवर स्ट्रिंग्ज (फाइलमधला मजकूर काढणारी कमांड) चालवा, पण डॅश ई एल देऊन, म्हणजे सोळा बिटचे अक्षरसंच सापडतात, नाहीतर विंडोजची अर्धी नावं दिसतच नाहीत. त्यात पाइप हा शब्द शोधा. दोन बॅकस्लॅश, डॉट, बॅकस्लॅश, पाइप असं काही सापडलं तर नेम्ड पाइप आहे. लोकल किंवा ग्लोबल आणि मग बॅकस्लॅश असं सापडलं तर बहुतेक शेअर्ड मेमरी, इव्हेंट किंवा म्युटेक्स. कंसातले लांबलचक ओळख नंबर, म्हणजे जीयूआयडी, सापडले तर कॉम (विंडोजमध्ये प्रोग्रॅमनी एकमेकांचे भाग वापरण्याची पद्धत) असण्याची शक्यता, पण ते जवळपास प्रत्येक एक्सईत सापडतात त्यामुळे त्यावर फार भरवसा ठेवू नका.

मग लॉग. हा भाग नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल. वाइनडीबग व्हेरिएबलमध्ये प्लस टाइमस्टॅम्प, प्लस पीआयडी, प्लस एसईएच, प्लस मॉड्यूल, प्लस सर्व्हर, सगळं स्वल्पविरामाने जोडून, मध्ये स्पेस नको, आणि स्टँडर्ड एरर एका फाइलमध्ये वळवा. टाइमस्टॅम्प आणि पीआयडी हे दोन तर हवेतच, कारण आपल्याला दोन प्रोसेसची हकीकत एकाच क्रमाने वाचायची आहे. पोराला आईचं एन्व्हायर्नमेंट आणि स्टँडर्ड एरर दोन्ही वारशाने मिळतं म्हणून हेल्परचा लॉगही त्याच फाइलमध्ये येतो, चांगली सोय आहे. फक्त दोन ठिकाणी ही सोय दगा देते. एक, वाइनसर्व्हर आधीपासून चालू असेल तर त्याच्या ओळी तो जिथून सुरू झाला त्या टर्मिनलवर जातात, तुमच्या फाइलमध्ये नाही. दोन, हेल्पर हा विंडोज सर्व्हिस म्हणून नोंदलेला असेल तर त्याला तुमचा प्रोग्रॅम जन्म देत नाही, सर्व्हिसेस एक्सई देते, आणि तिचा वारसा ती सुरू झाली तेव्हाचा. दोन्हीवर औषध एकच, आधी वाइनसर्व्हर डॅश के, सगळं मेलंय याची खात्री, आणि मग लॉगवाली कमांड.

प्लस रिले नावाचा चॅनेल पण आहे, प्रत्येक डीएलएल कॉल आणि त्याचं उत्तर छापतो. मोह होतो, पण फाइल बघता बघता काही जीबीची होते आणि प्रोग्रॅम गोगलगाय होतो. लावायचाच असेल तर रजिस्ट्रीत सॉफ्टवेअर, वाइन, डिबग या कीखाली रिलेइन्क्लूड मध्ये मोजकी फंक्शन्स द्या, पाइप बनवणारं, फाइल उघडणारं, रीड, राइट, एवढीच. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, रिले लावल्यावर क्रॅश जर गायबच झाला तर वैतागू नका, उलट तो मोठा पुरावा आहे. लॉगने प्रोग्रॅम हळू झाला आणि हळू झाल्यावर काम झालं, म्हणजे कोणीतरी कोणाच्या तरी आधी पोचतंय, रेस आहे.

लॉग वाचायचा खालून वर. शेवटच्या, न झेललेल्या एक्सेप्शनपाशी जा. मधली एक्सेप्शन्स बघून घाबरू नका, बरेच प्रोग्रॅम स्वतःच फेकतात स्वतःच झेलतात. तिथून वर सरकत त्याच थ्रेडच्या ओळी बघा आणि पहिलं नापास उत्तर शोधा. सर्व्हरच्या ओळींमध्ये विनंती आणि उत्तर अशी जोडी असते, उत्तरात बरोबरीच्या चिन्हानंतर शून्य असेल तर पास, नाहीतर स्टेटस. पाइप बनवला तर क्रिएट नेम्ड पाइप, दुसऱ्या बाजूने उघडला तर ओपन फाइल ऑब्जेक्ट, त्यात पाइपचं नाव दिसतं. हँडलचे नंबर प्रोसेसगणिक वेगळे असतात हे विसरू नका, मुख्य प्रोग्रॅममधला ००५८ आणि हेल्परमधला ००५८ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, नावावरूनच जोडायचं. आणि थ्रेड मेला की सर्व्हर दोन चांदण्यांच्या मध्ये किल्ड असं लिहून पुढे एक्झिट कोड देतो. ही ओळ सोनं आहे. क्रॅशच्या आधी दुसऱ्या कोणाच्या नावाने ही ओळ आलीय का, हा एकच प्रश्न घेऊन लॉग शोधा.

पाइपचे एरर पाठ असलेले बरे. २ म्हणजे त्या नावाचा पाइपच नाही. २३१ म्हणजे पाइप आहे पण सगळे नग गुंतलेत. १०९ म्हणजे पलीकडचा मेला किंवा बंद करून गेला, सर्व्हरच्या भाषेत हेच सी००००१४बी. २३३ म्हणजे पलीकडे कोणी जोडलेलंच नाही. २३४ हा खरं तर एरर नाही, मेसेज मोडच्या पाइपवर निरोप तुमच्या बफरपेक्षा मोठा आहे, उरलेला पुन्हा वाच एवढंच तो सांगतो, पण जुने प्रोग्रॅम त्याला सरसकट अपयश समजतात नाहीतर अर्धाच निरोप पूर्ण समजून पुढे जातात, आणि मग अर्ध्या स्ट्रक्चरमधला कचरा पॉइंटर म्हणून वापरतात.

दादाच्या केसमध्ये काय निघालं सांगतो. क्रॅशच्या वर मुख्य प्रोग्रॅमने पाइप उघडायचा प्रयत्न केला होता, उत्तर नापास, त्या नावाचा पाइप नाही. प्रोग्रॅमने ते उत्तर बघितलंच नाही, मिळालेलं उणे एकचं हँडल तसंच रीडफाइलला दिलं, तेही अर्थातच नापास, बफरमध्ये जो कचरा होता तो तसाच राहिला आणि त्या कचऱ्यातला आकडा लांबी म्हणून मेमकॉपीला गेला. धाड. आणखी वर गेलो तर हेल्परची किल्डवाली ओळ, एक्झिट कोड सी००००१३५, म्हणजे डीएलएल सापडली नाही. त्याच्याही वर मॉड्यूलची एरर ओळ, एमएफसी४२ डीएलएल हवी आहे, नाही मिळाली. ही ओळ पहिल्या दिवसापासून टर्मिनलवर येत होती बरं का. वाइन वापरणाऱ्याला फिक्समीच्या ओळी (वाइनमध्ये अमुक अजून अपुरं आहे एवढंच सांगणाऱ्या) न वाचण्याची इतकी सवय लागते की एरर आणि फिक्समी यातला फरकच डोळ्यांना दिसेनासा होतो. फिक्समी सोडा, पण एरर असं लिहून मॉड्यूल आलं की थांबा.

विंडोजमध्ये एमएफसी४२ सिस्टिमबरोबरच असते म्हणून त्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरने ती टाकलीच नव्हती. वाइन ती देत नाही. विनट्रिक्स एमएफसी४२ केलं, हेल्पर जगला, प्रिंट निघाली, मी चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी परत फोन. आता पाचात एकदा उडतंय. परत लॉग लावला तर एकदाही नाही उडालं, वर म्हटलं तेच लक्षण. शेवटी टाइमस्टॅम्पवाला हलका लॉग ठेवून दहा वीस वेळा प्रिंट दाबत बसलो आणि एकदाचं सापडलं. प्रोग्रॅम हेल्परला सुरू करतो आणि लगेच वेटनेम्डपाइप नावाच्या फंक्शनला सांगतो की पाच सेकंद थांब. लिहिणाऱ्याला वाटलं हे पाच सेकंद थांबेल. पण त्या फंक्शनचा स्वभाव असा आहे की पाइप अस्तित्वात असून सगळे नग गुंतलेले असतील तरच ते थांबतं, त्या नावाचा पाइप जन्मालाच आला नसेल तर पाच सेकंद सांगा नाहीतर पाच तास, ते लगेच नापास होऊन परत येतं. विंडोजवरही असंच आहे, वाइनने काही वेगळं केलं नाही, एक्सपीच्या डब्यावर फक्त वेळ जुळत होती. म्हणजे बग सॉफ्टवेअरचा, आणि ते दुरुस्त करणारं आता कोणी नाही.

खात्री कशी केली, तर हेल्पर आधी हाताने चालू करून ठेवला आणि मग मुख्य प्रोग्रॅम उघडून पन्नासेक वेळा प्रिंट दाबली, एकदाही नाही. सुदैवाने हेल्पर म्युटेक्स घेऊन बसतो, दुसरा नग सुरू झाला तर तो स्वतःहून बाहेर पडतो, त्यामुळे मुख्य प्रोग्रॅमने परत सुरू केला तरी हरकत नाही. मग एक दोन ओळींची बॅच फाइल, आधी स्टार्ट करून हेल्पर, मग मुख्य एक्सई, आणि डेस्कटॉपचा आयकॉन त्या बॅचवर. अंदाज बांधला की तो असा एका बदलाने तपासायचा, तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं तर का चालू झालं ते कधीच कळत नाही.

पाइप सोडून बाकीच्या वाटांचं थोडक्यात. कॉम असेल तर प्लस ओएलई आणि प्लस आरपीसी लावा. वाइनमध्ये एकाच मशीनवरचं आरपीसी खाली नेम्ड पाइपवरच चालतं, एलआरपीसी असं नाव दिसेल, त्यामुळे वरचीच सगळी पद्धत लागू. क्लास नॉट रजिस्टर्ड आलं किंवा ८०००४००२ आलं तर बहुतेक वेळा प्रॉक्सी स्टबची (दोन प्रोसेसमध्ये कॉमचे कॉल पोचवणारी) डीएलएल नोंदलेली नाही, रेगएसव्हीआर३२ ने नोंदवा, पण ६४ बिटच्या प्रीफिक्समध्ये ३२ बिटच्या डीएलएलसाठी सिसवाव६४ मधलंच रेगएसव्हीआर३२ वापरा. नावं उलटी आहेत हे मलाही माहितीये, मायक्रोसॉफ्टची कृपा.

शेअर्ड मेमरीत दोन गोष्टी तपासा. शेअर्ड मेमरी जोडून देणाऱ्या मॅपव्ह्यूने नल दिला का, आणि एक बाजू ३२ बिट दुसरी ६४ बिट आहे का. स्ट्रक्चरमध्ये पॉइंटर किंवा हँडल ठेवलं असेल तर एकीकडे चार बाइट दुसरीकडे आठ, पुढची सगळी फील्ड सरकतात. विंडो मेसेजचं म्हणाल तर डब्ल्यूएम कॉपीडेटा मधला डेटा सिस्टिम खरंच कॉपी करून देते, पण प्रोग्रॅमने स्वतःचा डब्ल्यूएम युजरवाला मेसेज बनवून त्यात पॉइंटर पाठवला असेल तर तो पॉइंटर दुसऱ्या प्रोसेसमध्ये निरर्थक.

प्रोटॉन (स्टीमवाल्यांचं गेमसाठीचं वाइन) किंवा पॅच केलेलं वाइन वापरत असाल तर ईसिंक आणि एफसिंक बंद करून एकदा बघाच. या दोन्हीत इव्हेंट, म्युटेक्सचं बरंचसं काम वाइनसर्व्हरला वळसा घालून थेट लिनक्सकडून करून घेतलं जातं, वेग वाढतो पण सर्व्हरच्या वहीत ते दिसत नाही. प्रोटॉनमध्ये प्रोटॉन नो ईसिंक आणि प्रोटॉन नो एफसिंक ही व्हेरिएबल एक करायची, हीसुद्धा पूर्ण कॅपिटलमध्ये, मध्ये अंडरस्कोअर, आणि प्रोटॉन लॉग एक केलं की होम फोल्डरमध्ये स्टीम डॅश गेमचा नंबर अशी लॉग फाइल पडते. ईसिंक प्रत्येक ऑब्जेक्टला एक फाइल डिस्क्रिप्टर खातं, यूलिमिट (एका प्रोसेसला किती फाइल उघडता येतात ती मर्यादा) कमी असेल तर खूप ऑब्जेक्ट बनवणारा प्रोग्रॅम मध्येच कोसळतो. लिनक्स ६.१४ पासून कर्नलमध्येच एनटीसिंक आलंय, ते असेल तर या दोन्हींची गरज कमी होते.

क्रॅश नाही, नुसतं गोठलंय, आणि टर्मिनलवर क्रिटिकल सेक्शन वेट टाइम्ड आउट, अमुक थ्रेडने अडवलंय असं येतंय, तर वाइनडीबीजीत बीटी ऑल द्या आणि तो अडवणारा थ्रेड स्वतः कशाची वाट बघतोय ते बघा, बऱ्याचदा तो पाइपवर रीड लावून बसलेला असतो. जीडीबी लावलात तर एसआयजीयूएसआर१ आणि एसआयजीसेगव्ही वर थांबू नको असं आधी सांगा, वाइन स्वतःच्या कामासाठी ते सिग्नल वापरतं आणि तुम्ही दर सेकंदाला कंटिन्यू दाबत बसाल. डिबगरमध्ये एका प्रोसेसला थांबवून ठेवलं की पलीकडच्या प्रोसेसचा टाइमआउट होतो आणि नवाच खोटा क्रॅश दिसतो, हेही लक्षात असू द्या.

वाइनसर्व्हर स्वतःच कोसळला तर मात्र प्रश्नच नाही, तो वाइनचा बग. क्लायंटने काहीही वेडगळ विनंती पाठवली तरी सर्व्हरने एरर देऊन उभं राहायला हवं. कोअरडंपसीटीएलमधून त्याचा बॅकट्रेस काढा आणि वाइनएचक्यूच्या बगझिलावर टाका.

जुन्या वाइनवर चालत होतं आणि नव्यावर नाही असं असेल तर रिग्रेशन आहे, म्हणजे नव्या बदलाने बिघडलंय, आणि गिट बायसेक्ट (कमिट अर्धे अर्धे करत दोषी कमिट शोधणं) करून दिलंत तर डेव्हलपर तुमचे पाय धुतील. विकास आवृत्ती दर दोन आठवड्यांनी येते, आधी तयार पॅकेजने कुठल्या दोन आवृत्त्यांच्या मध्ये बिघडलं ते शोधा, मग त्यामधले कमिट. हजार कमिट असले तरी दहा फेऱ्यांत संपतं. प्रत्येक फेरीआधी वाइनसर्व्हर मारा, आणि रेस असेल तर प्रत्येक कमिटवर एकदाच बघून चांगला म्हणू नका, वीस वेळा बघा, नाहीतर बायसेक्ट भलत्याच माणसाच्या कमिटवर बोट ठेवेल. आणि पुढे वाइनमध्ये पॅच पाठवायचा विचार असेल तर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या डीएलएल डिसअसेंबल करून बघू नका, वाइनवाले त्याबाबतीत फार कडक आहेत.

बगवर लॉग जोडताना पूर्ण लॉग एक्सझेडने कॉम्प्रेस करून जोडा, मधल्या चार ओळी कापून चिकटवू नका, तुम्हाला बिनकामाची वाटलेली ओळच त्यांना हवी असते. फक्त जोडायच्या आधी एकदा शोधून घ्या, रिलेच्या लॉगमध्ये फाइलचे पाथ, युजरनेम, कधी कधी लायसन्स की सुद्धा जशीच्या तशी छापलेली असते. दादाच्या लॉगमध्ये तर एका पत्रिकेचा अख्खा मजकूर होता, नवरा नवरीच्या नावासकट.